पळसाला पाने तीनच?

शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गदृश्य काढा’ असे सांगितले, की वर्गातील बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते. दोन टोकदार त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा अर्धा सूर्य, डोंगरातून नागमोडी वाहत येणारी नदी, काठावर एक कौलारू घर आणि घराशेजारी वाकलेले नारळाचे झाड. हे चित्र रत्नागिरीच्या मुलाच्या वहीत असते, नागपूरच्या मुलीच्या वहीत असते, आणि नाशिक जिल्ह्यातील देवळ्याच्या मुलांच्या वह्यांतही असते. गावे वेगळी, माती वेगळी, पाऊस वेगळा. चित्र मात्र एकच! यात मुलांचा दोष नाही. त्यांनी ते चित्र दुसऱ्या चित्रावरून घेतलेले असते. त्यांच्या हाताला काढण्याची सवय लागते, पण डोळ्यांना पाहण्याची सवय लागत नाही.

देवळ्याच्या परिसरात क्षणभर उभे राहून पाहिले, तर वहीतील चित्र किती खोटे आहे हे तेव्हाच ध्यानात येईल. तेथील रानात नारळ उगवत नाही. बांधावर बाभूळ असते, विहिरीजवळ कडुनिंब असतो, माळावर बोरी असतात आणि डोंगराच्या पायथ्याला पळस असतो. दक्षिणेला सातमाळ्याची रांग पसरलेली आहे. तिच्यातील डोंगर वहीतल्या त्रिकोणांसारखे नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हारस थरांवर थर साचत गेला व त्यातून हे डोंगर बनले. म्हणूनच त्यांच्या अंगावर पायऱ्यांसारखे कातळाचे पट्टे दिसतात आणि पुष्कळांचे माथे सपाट असतात. गिरणा नदीदेखील बारा महिने एकसारखी भरून वाहत नाही. श्रावणात ती गढूळ लोंढा घेऊन येते आणि वैशाखात तिच्या पात्रातील वाळू व दगडगोटे उघडे पडतात. हे सारे मुलांच्या दारापुढे आहे. वहीत मात्र त्याला जागा मिळत नाही.

‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ अशी म्हण मराठीत आहे. माणसाचा स्वभाव व जगाची रीत सर्वत्र सारखीच असते, असा तिचा अर्थ. व्यवहारात ही म्हण खरी असेल. चित्रकाराला मात्र ती अर्धीच खरी वाटते. पळसाच्या देठाला पाने तीनच असतात हे ठीक. पण त्या तीन पानांवर पडणारा प्रकाश सर्वत्र सारखा नसतो. सकाळी तो वेगळा, दुपारी वेगळा. कोकणात वेगळा, खानदेशाच्या सीमेवर वेगळा. ज्या मातीत आपण वाढलो, त्या मातीतील झाड आणि त्या झाडावर पडणारा प्रकाश प्रथम नीट पाहावा, त्यातूनच खरी चित्रकला जन्माला येते. हे मत काहींना संकुचित वाटेल. पण थोर कलावंतांची चरित्रे पाहिली, म्हणजे त्यातील सत्य पटू लागते.

झाड आणि प्रकाश यांचे नाते किती जवळचे आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या पश्चिमेला पाऊस मुसळधार पडतो. पूर्वेला देवळ्याकडे येईपर्यंत ढगांतील पाणी बरेचसे ओसरलेले असते. पाणी कमी, म्हणून झाडे ते जपून वापरतात. बाभूळ, बोर, खैर या झाडांची पाने बारीक असतात, कारण लहान पानांतून पाण्याची वाफ कमी होते. आता या बारीक पानांतून ऊन खाली उतरते तेव्हा काय होते? बाभळीखाली गडद सावली पडत नाही. चाळणीतून पीठ पडावे, तसा उजेड तेथे सांडतो. वडाखालची सावली मात्र गार, जाड आणि काळसर असते. म्हणजे पावसाने पानाचा आकार ठरविला, पानाने सावली ठरविली, आणि सावलीने त्या प्रदेशाचे रूप ठरविले. जो चित्रकार बाभळीखाली वडाची सावली रंगवील, त्याचे चित्र कितीही सुबक असले तरी ते खरे वाटणार नाही.

आपल्या रानातील झाडेझुडपे हीच ज्याची शाळा झाली, अशा कलावंताचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. देवळ्याहून पश्चिमेला निघाले, कळवण व सुरगाणा मागे टाकून सह्याद्री उतरले, म्हणजे पालघर जिल्ह्यातील डहाणूचा मुलूख लागतो. तेथील कळंबीपाडा या लहानशा पाड्यावर जिव्या सोमा म्हसे यांचे आयुष्य गेले. त्यांचा जन्म 1934 मधील. लहानपणीच त्यांच्या आईचे छत्र हरपले. त्या दुःखाने तो मुलगा अबोल झाला. मनातले काही सांगायचे असले, म्हणजे तो धुळीत रेघा ओढून दाखवी. बोलण्याची जागा रेषेने घेतली, आणि पुढे हीच रेषा त्यांची भाषा झाली.

वारली लोकांची चित्रे फार जुन्या परंपरेतील आहेत. लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर सवासिनी चौक लिहीत. चौकात पालघट देवी असे आणि भोवती झाडे, पशुपक्षी व नाचणारी माणसे असत. हे काम स्त्रियांचे, आणि तेही मंगल प्रसंगापुरते. म्हसे यांनी ही चौकट ओलांडली. ते पुरुष असून चित्रे काढू लागले. सणासुदीची वाट न पाहता रोज काढू लागले. जे प्रसंगापुरते होते, ते त्यांच्या आयुष्याचे काम झाले.

या चित्रांचे साहित्य पाहिले, तर रानच भिंतीवर चढले आहे असे वाटते. झोपडीची भिंत कारवीच्या काठ्यांची. कारवी हे सह्याद्रीतील झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरल्यावर मरून जाते. तिच्या सरळ काठ्या भिंतीसाठी उपयोगी पडतात. त्या कुडावर शेणामातीचा लेप देतात व त्यावर गेरूचा हात फिरवितात. पांढरा रंग तांदळाचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात डिंक मिसळतात. कुंचला बांबूच्या काडीचा. तिचे टोक चावून मऊ केले, की झाले. दुकानातून काही आणावे लागत नाही. जे शेतात पिकले आणि रानात वाढले, त्यानेच शेताचे व रानाचे चित्र काढायचे!

वारली चित्रांत सूर्यकिरण रंगविलेले सहसा दिसत नाहीत, सावलीही दिसत नाही. मग त्यांत प्रकाश कोठे आहे? तो रेषेतच आहे. कुडाच्या झोपडीत दिवसाही अंधूक असते. दारातून आणि काठ्यांच्या फटींतून येईल तेवढाच उजेड. अशा अंधूक जागी गेरूच्या गडद भिंतीवर तांदळाची पांढरी रेघ उठून दिसते. म्हसे यांच्या चित्रांतील वृक्ष पाहावेत. एका बुंध्यातून फांद्या फुटतात, फांद्यांतून डहाळ्या, आणि डहाळ्यांवर बारीक बारीक पानांची दाटी. प्रत्येक पान वेगळे आणि सजीव. झाडाखाली मुंग्यांची रांग, फांदीवर पक्षी आणि पलीकडे तारप्याभोवती फेर धरलेली माणसे. माणूस झाडाहून मोठा नाही, झाडही माणसाहून परके नाही. एवढे सांगायला त्यांना वर्तुळ, त्रिकोण व रेघ एवढेच पुरले.

गंमत अशी, की वहीतील ठरीव चित्रातही त्रिकोण असतो आणि वारली चित्रातही त्रिकोण असतो. मग फरक कोणता? पहिला त्रिकोण न पाहता काढलेला असतो. दुसऱ्याच्या मागे पिढ्यान् पिढ्यांचे पाहणे असते. तारपा वाजविणारा कसा वाकतो, जाळे फेकणाऱ्याचे हात कसे ताणले जातात, लावणी करणारी बाई किती लवते, हे त्या दोन त्रिकोणांच्या कलण्यावरून कळते. साधेपणा आणि उथळपणा या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसल्या, तरी त्या एक नव्हेत.

1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या प्रयत्नांमुळे म्हसे यांची कला मुंबईत आली. भिंतीवरील चित्र कागदावर व कापडावर उतरले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशांत त्यांची चित्रे मांडली गेली आणि 2011 मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. एवढी कीर्ती मिळूनही त्यांनी आपला पाडा सोडला नाही आणि आपला विषयही सोडला नाही. जगाने त्यांची चित्रे पाहिली, ती ती जगासारखी होती म्हणून नव्हे. ती कळंबीपाड्यासारखी होती म्हणून.

झाडांचे वेड जसे म्हसे यांना होते, तसे प्रकाशाचे वेड कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना होते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी ते चित्रकार होते. दरबारी चित्रकाराला राजवाड्याच्या भिंती आणि बड्या लोकांच्या तसबिरी पुरल्या असत्या. परंतु आबालाल यांचे मन रमे ते कोटितीर्थाच्या काठी आणि रंकाळ्यावर. तेच तळे, तीच झाडे, तोच संध्यामठ. रोजचे दृश्य एकच असले, तरी पाण्यावर उतरणारा उजेड रोज नवा असे. सकाळच्या धुक्यात विरघळलेली झाडे आणि मावळतीच्या वेळी तांबूस झालेले पाणी हे त्यांच्या चित्रांचे विषय झाले. 1931 मध्ये ते निवर्तले. त्यांची पुष्कळशी चित्रे आज उपलब्ध नाहीत. परंतु जी उरली आहेत, त्यांच्यापुढे उभे राहिले म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची कोल्हापूरची संध्याकाळ पुन्हा दिसू लागते.

एकाच वस्तूवर बदलणारा प्रकाश पाहण्याचा हा छंद फ्रान्समधील क्लोद मोने या चित्रकारालाही होता. 1890 आणि 1891 या वर्षांत त्याने आपल्या घराजवळच्या शेतातील गंजींची सुमारे पंचवीस चित्रे काढली. पहाटेची गंजी, भर उन्हातील गंजी, बर्फ पडलेल्या दिवशीची गंजी! देवळ्याच्या खळ्यातही कडब्याची गंजी असते. पण तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ‘गंजीत काय पाहायचे?’ असे म्हणणाऱ्याला मोनेची चित्रे हेच उत्तर होय. पाहण्यासारखे काही नाही असे ठिकाण जगात नसते. पाहणारा मात्र असावा लागतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. आपल्याच गावचे झाड, आपल्याच गावचे ऊन असे म्हणत बसले, तर माणूस विहिरीतील बेडकासारखा होणार नाही काय? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण वर सांगितलेल्या कलावंतांपैकी कोणीही दार लावून बसलेला नव्हता. आबालाल मुंबईला जाऊन पाश्चात्त्य रंगतंत्र शिकले आणि ते तंत्र त्यांनी रंकाळ्यासाठी वापरले. म्हसे यांनी शहरातून आलेला कागद स्वीकारला आणि त्यावर आपले रान उतरविले. अजिंठ्याच्या लेण्यांतही हेच दिसते. तेथील चित्रकारांनी लाल, पिवळा, हिरवा हे रंग माती व दगडांपासून केले; पण निळ्या रंगाचा दगड अफगाणिस्तानातून आणविला. दूरदेशीचा रंग घ्यायला त्यांना संकोच वाटला नाही. त्यांचे विषय, त्यांची माणसे, त्यांची झाडे मात्र आपल्याच भूमीतील होती. साधन कोठूनही घ्यावे. डोळे मात्र उसने घेऊ नयेत.

झाडांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. परदेशाहून आलेले प्रत्येक झाड शत्रू मानण्याचे कारण नाही. गुलमोहर मादागास्कर बेटावरून आला. ज्या डाळिंबाच्या बागा देवळ्याच्या परिसराला भूषण आहेत, ते डाळिंबही मूळचे इराणकडचे. ही झाडे आपल्या घरची झाली आहेत आणि त्यांचेही चित्र आनंदाने काढावे. प्रश्न त्यांच्या येण्याचा नाही. जुन्यांच्या जाण्याचा आहे. रस्ता रुंद करताना निंब तोडला जातो, बांध नांगरताना बाभूळ जाते, जळणासाठी पळस जातो. लावताना मात्र लवकर वाढणारे आणि दिसायला ऐटबाज असे झाड शोधले जाते. पळस गेला, म्हणजे केवळ लाकूड गेले असे होत नाही. त्याच्या फुलांतील मध पिणारे पक्षी जातात, त्याच्या पानांची पत्रावळ जाते, त्याची फुले उकळून केलेला रंगपंचमीचा केशरी रंग जातो. आणि चित्रकाराच्या दृष्टीने सांगायचे, तर फाल्गुनातील एक संपूर्ण प्रकाश जातो.

कारण फाल्गुनातला पळस पाहिलेला असेल, तोच हे जाणील. झाडावर एकही पान नसते. काळ्या मखमलीसारख्या कळ्यांच्या देठांतून केशरी फुले बाहेर येतात आणि वाळलेल्या, पिवळट माळावर ते झाड एखाद्या पेटत्या मशालीसारखे उभे राहते. भोवती हिरवे काहीच नसते, म्हणून तो केशरी रंग अधिकच तेजाळ दिसतो. पुढे पालवी फुटते, चपट्या शेंगा लोंबू लागतात आणि आषाढात तेच झाड इतर झाडांत मिसळून जाते. तेव्हा ओळखू येतात ती केवळ त्याची तीन पाने. एका झाडाची एका वर्षातील ही रूपे काढली, तरी एक वही पुरणार नाही!

आणखी एक प्रश्न उरतो. वर्गातील चाळीस मुलांपैकी चित्रकार होणार एखादाच. मग उरलेल्यांनी हे का शिकावे? कोणी शेतकरी होईल, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक. पण ज्याने लहानपणी एका झाडाकडे वर्षभर लक्षपूर्वक पाहिले आहे, तो शेतकरी पिकाच्या पानावरील पहिला डाग लवकर ओळखील. ती परिचारिका रुग्णाच्या चेहऱ्यावरील फरक लवकर जाणील. तो शिक्षक गप्प बसलेल्या मुलाकडे लक्ष देईल. नीट पाहणे हा कलेचा पहिला धडा आहे, तसाच तो माणुसकीचाही आहे. शिवाय ज्या झाडाचे चित्र आपण काढले, ज्याची फांदी कोठे वळते आणि ज्याची सावली दुपारी कोठे पडते हे आपल्याला ठाऊक आहे, त्या झाडावर कुऱ्हाड पडताना आपण स्वस्थ बसू शकत नाही. परिचयातून प्रेम उपजते आणि प्रेमातून रक्षण होते.

म्हणून शाळेतील चित्रकलेचा एक तास वर्गाबाहेर, झाडाखाली व्हावा. त्यासाठी महागडे रंग नकोत. पेन्सिल, कागद आणि डोळे एवढे साहित्य पुरे. प्रत्येक मुलाने आपल्या घराजवळचे एक झाड निवडावे आणि ऋतू बदलेल तसे त्याचे चित्र काढावे. पहिली चित्रे वेडीवाकडी येतील, फांद्या चुकतील, सावली नीट साधणार नाही; त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पाहून काढलेले वेडेवाकडे कडुनिंबाचे झाड, न पाहता काढलेल्या सुबक नारळाहून शंभर पटींनी श्रेष्ठ आहे. असे झाले, तर देवळ्याच्या वह्यांत देवळ्याचे ऊन उतरेल, डहाणूच्या वह्यांत डहाणूचा पाऊस उतरेल, आणि पळसाला पाने तीनच असली तरी प्रत्येक वहीतील पळस वेगळा असेल.